‘सहायक’ म्हणून नोंदलेली माणसे
वसाहतकाळातील मराठी शिक्षण आणि विज्ञान : श्रेयाचा एक फेरविचार

मुंबई इलाख्यात 1829 ते 1831 या काळात मराठीचे दोन मोठे कोश छापून बाहेर पडले. पहिला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’, मराठी शब्दांना मराठीतच अर्थ देणारा. त्याचे कर्ते जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी मंडळी. दुसरा कोश मराठी-इंग्रजी. त्यावर नाव कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ यांचे, आणि सोबत कँडी बंधूंचे. दोन्हींचे काम बहुतांशी एकाच वर्तुळात झाले. शब्द गोळा करणारे, त्यांचे अर्थ लावणारे आणि प्रांतोप्रांतीचे उच्चार पडताळणारे शास्त्री-पंडित या दोन्ही उद्योगांच्या मुळाशी होते. पुढच्या दोनशे वर्षांत मात्र या दोन कोशांची नावे आपल्या जिभेवर कशी रुळली ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्याला आपण नुसते ‘मोल्सवर्थ’ म्हणतो. पहिल्याला ‘शास्त्र्यांचा कोश’ किंवा ‘पंडितांचा कोश’ म्हणतो. एका ठिकाणी माणूस आहे, दुसऱ्या ठिकाणी जमात. मोल्सवर्थ यांच्या कोशाची थोरवी निर्विवाद आहे आणि त्यांच्या चिकाटीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण क्रमवंतांचे नाव आज किती मराठी प्राध्यापकांना आठवेल?

प्रश्न केवळ कृतज्ञतेचा असता तर एखादे स्मारक, एखादी गौरवपुस्तिका एवढ्याने तो मिटला असता. खरा प्रश्न इतिहासाच्या आकलनाचा आहे. वसाहतकाळातील शिक्षण आणि विज्ञान यांची आपण दोनच गोष्टी सांगत आलो आहोत. पहिली गोष्ट अशी, की इंग्रजांनी शाळा काढल्या, छापखाने आणले, वेधशाळा उभारल्या आणि इथल्या लोकांनी ते शिकून घेतले. अमेरिकी इतिहासकार जॉर्ज बसाला यांनी 1967 साली पाश्चात्त्य विज्ञानाच्या प्रसाराची जी तीन टप्प्यांची मांडणी केली, ती या गोष्टीची नेमस्त, विद्यापीठीय आवृत्ती. केंद्रात ज्ञान निर्माण होते, परिघावर ते पोचते आणि यथावकाश तिथे रुजते. दुसरी गोष्ट आपली घरची. तिच्यात ‘आद्य’, ‘जनक’ आणि ‘पितामह’ असतात. आद्य पत्रकार, आद्य प्राध्यापक, आद्य कोशकार. ही विशेषणे वाहून आणणारी चरित्रे मराठीत उदंड आहेत, आणि त्यांतली काही परिश्रमपूर्वक लिहिलेली आहेत. तरीही ‘आद्य’ या विशेषणाने फार नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. माणूस रांगेत पहिला होता एवढे ते सांगते. तो काय करत होता, कोणाबरोबर करत होता, कोणाला बाहेर ठेवून करत होता, यातले काहीच सांगत नाही. आणि रांग कुणी आखली, हे तर मुळीच विचारू देत नाही.

गणिताचे उदाहरण घेऊ, कारण तिथे भाषांतर म्हणजे काय हे सर्वांत स्वच्छ दिसते. 1822 साली मुंबईत जी शाळापुस्तक मंडळी निघाली (पुढे ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झाली), तिच्यासाठी जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनिअरने हटनच्या गणितावरून मराठी पुस्तके तयार करवली. ‘करवली’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरतो आहे. जर्व्हिस यांना मराठी उत्तम येत होते, पण मराठीत गणित मांडण्याची परिभाषा त्यांच्या खिशात नव्हती. ती क्रमवंतांसारख्या शास्त्र्यांजवळ होती. भाज्य, भाजक, लब्धि, त्रैराशिक, वर्गमूळ हे शब्द ‘लीलावती’च्या परंपरेने घोटलेले होते. भूमितीचेही तेच. युक्लिडचा ग्रंथ जगन्नाथ सम्राटाने जयसिंगाच्या आश्रयाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच अरबीवरून संस्कृतात आणला होता, ‘रेखागणित’ या नावाने. म्हणजे मुंबईत इंग्रजीवरून भूमिती मराठीत येत होती, तेव्हा तिच्यासाठी अरबी-संस्कृत वाटेने आलेले शब्द आधीच उंबऱ्यावर उभे होते. इंग्रज अधिकाऱ्याने दिले आणि एतद्देशीयाने घेतले, एवढ्या सोप्या चित्रात ही देवघेव बसत नाही.

याहून बोलका शब्द म्हणजे ‘शून्यलब्धि’. बाळशास्त्री जांभेकर यांच्या पिढीने डिफरन्शिअल कॅल्क्युलससाठी हा शब्द वापरला. आज आपण कलन किंवा विकलन म्हणतो. शब्द सुटसुटीत आहेत, पण मुके आहेत. ‘शून्यलब्धि’ बोलतो. दोन राशी शून्याकडे जात असताना त्यांच्या भागाकारातून जी लब्धि उरते, ती. ज्या कल्पनेवर युरोपात बर्कलेसारख्या तत्त्वज्ञाने कोरडे ओढले होते, नाहीशा होणाऱ्या राशींच्या गुणोत्तराची तीच अडचणीची कल्पना या शब्दाने नेमकी पकडली आहे. शब्द घडवणाऱ्याला विषय समजल्याखेरीज असा शब्द सुचत नाही. परिभाषा ही समजुतीचा पुरावा असते. आणि ती टाकून दिली जाते तेव्हा नुसता शब्द जात नाही, एक समजूतही वाया जाते.

बाळशास्त्र्यांबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगण्यासारखे थोडेच आहे. 1832 चे ‘दर्पण’, 1840 चे ‘दिग्दर्शन’, एल्फिन्स्टन महाविद्यालयातील अध्यापन, कुलाबा वेधशाळेतील जबाबदारी, शिळाप्रेसवर छापलेली 1845 ची ज्ञानेश्वरी आणि 1846 मध्ये, उणीपुरी चौतीस वर्षे जगून, अकाली मृत्यू. या यादीतल्या शेवटून दुसऱ्या नोंदीकडे आपण साहित्याच्या बाजूने पाहतो आणि वेधशाळेच्या नोंदीकडे विज्ञानाच्या बाजूने. त्यांना स्वतःला तशी फाळणी मान्य झाली असती असे वाटत नाही. पोथी शुद्ध करणे, ताम्रपट वाचणे आणि आकाशाचे वेध तपासणे यांत एकच शिस्त लागते. हाती आलेल्या नोंदीवर विश्वास ठेवण्यापूर्वी ती दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहायची.

याच सुमारास भोपाळजवळच्या सिहोर येथे एक वेगळाच प्रयोग चालला होता. तिथला पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन याने असे ताडले, की पुराणांतल्या सपाट पृथ्वीला आणि मेरुपर्वताला थेट कोपर्निकसने धडक देण्यापेक्षा मध्ये भास्कराचार्यांना उभे करावे. सिद्धांतग्रंथांत पृथ्वी गोल आहेच. तेवढे पटले की पुढची पायरी सोपी. 1834 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने ही योजना मांडली. इतिहासकार या युक्तीचे श्रेय विल्किन्सनला देतात, आणि योजना कागदावर त्याची होतीही. परंतु ती चालवायला सिद्धांत जाणणारा माणूस हवा होता. तो होता सुबाजी बापू. त्याने 1836 साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची त्यात तुलना आहे. मुंबई-पुण्याच्या बाहेर, माळव्यातल्या एका छावणीत बसून एक मराठी शास्त्री आपल्याच परंपरेतल्या एका शाखेचा दुसऱ्या शाखेविरुद्ध साक्षीदार म्हणून उपयोग करतो आहे, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासांतून जवळजवळ गायब आहे. वाद परंपरा विरुद्ध पाश्चात्त्य विद्या असा नव्हताच. परंपरेच्या आत जुने भांडण होते, आणि नव्या ज्योतिषाने त्यात एका पक्षाला बळ दिले.

सिहोरलाच 1838 मध्ये विल्किन्सन एका तरुणाला घेऊन गेला. त्याचा जन्म पुण्यातला, 1821 चा, शिक्षण नागपुरात. हेच पुढचे बापूदेव शास्त्री. विल्किन्सन 1841 मध्ये वारला आणि बापूदेव काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गेले. ‘सूर्यसिद्धांता’चे त्यांचे इंग्रजी भाषांतर 1861 चे. पण त्याआधी, 1858 मध्ये, त्यांनी एक छोटे टिपण लिहून मोठे धाडस केले. ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार करताना भास्कराचार्यांना शून्यलब्धीचे तत्त्व अवगत होते, असे त्यांनी प्रतिपादले. लंडनहून स्पॉटिसवुड या गणितज्ञाने 1860 मध्ये त्याला उत्तर दिले. भास्कराच्या रीतीत साम्य आहे, पण त्यावरून पूर्ण विद्या होती असे म्हणता येत नाही, अशी त्याची भूमिका. मला स्पॉटिसवुडचा आक्षेप बराचसा रास्त वाटतो. तात्कालिक गती काढणे वेगळे आणि कोणत्याही फलनाला लागू पडणारी सर्वसाधारण रीत बांधणे वेगळे. तरी या वादाचे महत्त्व निकालात नाही. काशीतला एक संस्कृत अध्यापक संहितेच्या आधाराने लंडनच्या गणितज्ञाशी बोलतो, आणि त्याला उत्तर मिळते. त्याला वगळून पुढे जाता येत नाही. आज समाजमाध्यमांवर ‘सर्व काही आमच्याकडे होतेच’ अशी जी आरोळी उठते तिला बापूदेवांचा आधार कोणी घेऊ नये. बापूदेवांनी सूत्र आणि त्याची उपपत्ती समोर ठेवून दावा केला होता, आरोळी ठोकली नव्हती.

शिक्षणाच्या माध्यमाचा वाद 1847 चा. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांना उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवे होते. कर्नल जर्व्हिस देशभाषेच्या बाजूचे. आपल्याकडे हा वाद पुष्कळदा पेरी विरुद्ध जर्व्हिस असा, दोन साहेबांमधला सामना म्हणून सांगितला जातो. मंडळातले तिन्ही देशी सभासद, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, जर्व्हिस यांच्या बाजूने उभे होते, हे सांगताना आवाज खाली येतो. एक मराठी सोनार, एक पारशी आणि एक कोकणी मुसलमान असे तिघे जण, तिघेही इंग्रजी राज्यात प्रतिष्ठा पावलेले, देशभाषेची बाजू लिहून मांडतात. शंकरशेट यांनी 1 मे 1847 च्या आपल्या टिपणात इंग्रजीला विरोध केलेला नाही. ज्याला वेळ आणि सामर्थ्य आहे त्याने ती जरूर शिकावी. पण ज्ञान बहुसंख्यांपर्यंत न्यायचे तर ते त्यांच्या भाषेतच न्यावे लागेल, असा त्यांचा व्यवहारी युक्तिवाद आहे. सरकारने 1848 मध्ये जे उत्तर दिले ते दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने वाचता आले. प्रत्यक्षात पेरी यांचे धोरण पुढे सरकले. 1857 मध्ये विद्यापीठ निघाले, आणि पुढच्या काही वर्षांतच देशी भाषा वरच्या परीक्षांमधून बाहेर गेल्या. त्या परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना हयात खर्ची घालावी लागली.

म्हणजे तिघे हरले. पण त्यांची बाजू हरल्यामुळे ती बाजू नव्हतीच असे होत नाही. ‘इंग्रजांनी इंग्रजी लादली’ आणि ‘आपल्या लोकांनीच इंग्रजी मागितली’ ही दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत. मागणारे होते, नाकारणारे होते, आणि दोघांचेही हितसंबंध होते. दरम्यान ज्यांना थांबायचे नव्हते त्यांनी आपली सोय आपण केली. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये साहित्य व विज्ञान मंडळी काढली, दुसऱ्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक 1850 पासून निघू लागले. त्याच्या जुन्या अंकांत वाफेचे यंत्र, धूमकेतू, पचनक्रिया यांवर मराठीत निबंध आहेत; भाषा अडखळते, पण विषयाला भीत नाही.

पुण्यात 1849 साली लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्ज केला, की पेशवाईपासून ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतला काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी वापरावा. शहरात खळबळ माजली. यातूनच दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण याच पैशाचा धागा पुढे कुठे जातो ते पाहायचे आहे.

केरो लक्ष्मण छत्रे हे बाळशास्त्र्यांचे विद्यार्थी. कुलाबा वेधशाळेत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली त्यांनी सुमारे दहा वर्षे काढली. चुंबकत्व आणि हवामान यांच्या नोंदी ठरलेल्या वेळी, रात्रीसुद्धा, घ्यायच्या हे तिथले काम. अशा नोंदींचे जाडजूड खंड छापले जात आणि त्यांवर नाव वेधशाळेच्या प्रमुखाचे असे. आकडा मात्र ज्याने दिव्याच्या उजेडात वाचला त्याचा असतो, आणि त्या आकड्यावरच सगळी इमारत उभी राहते. वसाहतीतील विज्ञानाविषयी लिहिताना सिद्धांत कोणाचा हे आपण विचारतो. नोंद कोणाची हे विचारत नाही. केरूनानांनी मात्र या शिस्तीचे आपल्या घरच्या प्रश्नासाठी शस्त्र केले. प्रश्न होता पंचांगाचा. जुन्या सारण्यांवरून काढलेली ग्रहणे आणि युती आकाशाशी जुळत नव्हत्या. 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत प्रसिद्ध केला. युरोपीय सारण्या त्यांनी आधाराला घेतल्या, पण निरयन पद्धतीचा आरंभबिंदू म्हणून रेवती नक्षत्रातला झीटा पिशियम हा तारा धरला. 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साह्याने त्यांचे ‘पटवर्धनी पंचांग’ निघू लागले.

हे भाषांतर नाही आणि अनुकरणही नाही. ग्रीनविच किंवा पॅरिसला रेवतीच्या ताऱ्याची गरज नव्हती. आकडे तिकडचे, प्रश्न इकडचा, आणि निर्णयाची जबाबदारी पुण्यातल्या एका गणिताच्या अध्यापकाची. निर्णय वादग्रस्त ठरला. विसाजी रघुनाथ लेले यांनी सायन पद्धतीचा पुरस्कार केला. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्यावर आधारलेली गणना मांडली. मुंबई, पुणे, सांगली येथे परिषदा भरल्या, टिळकांनी त्यांत लक्ष घातले. सरकारी विज्ञानखात्याला या वादाशी कर्तव्य नव्हते. एवढा दीर्घ, वेध आणि गणित यांवर आधारलेला सार्वजनिक वाद मराठीत चालला आणि त्यात शाळामास्तर, वकील, जोशी, संस्थानिक असे सगळे उतरले. याला विज्ञानाचा लोकव्यवहार म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? धर्मकृत्यांसाठी तिथी हवी होती म्हणून हा वाद विज्ञानाचा नाही, असे म्हणणाऱ्यांनी ईस्टरची तारीख ठरवण्यासाठी युरोपात किती ज्योतिर्गणित झाले हे आठवावे.

या सर्व खटपटीचा कळस शंकर बाळकृष्ण दीक्षित. मुरूडचे, 1853 चा जन्म. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून शाळामास्तर झालेले. विद्यापीठाची पदवी नाही. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ 1896 चा. दक्षिणा प्राइज कमिटीच्या जाहिरातीवरून तो लिहिला गेला आणि कमिटीचे बक्षीस त्याला मिळाले. 1849 च्या अर्जाचा धागा इथे येऊन पोचतो. त्याच 1896 मध्ये लंडनहून ‘द इंडियन कॅलेंडर’ निघाले. शीर्षकपृष्ठावर रॉबर्ट स्यूएल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित अशी दोन्ही नावे. त्याआधी 1888 मध्ये फ्लीट यांच्या गुप्तकालीन शिलालेखांच्या खंडात गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रावरचे परिशिष्ट दीक्षितांच्या नावाने छापले गेले होते. शास्त्र्यांच्या कोशापासून मोजले तर ‘सहायक’ या कप्प्यातून शीर्षकपृष्ठावर यायला साठ-सत्तर वर्षे लागली.

इथवरचे कथन वाचून कोणी सुखावला असेल तर त्याने थोडे थांबावे. या लेखात आतापर्यंत आलेली बहुतेक मराठी नावे ब्राह्मणांची आहेत. शंकरशेट हा एवढाच मोठा अपवाद. ‘एतद्देशीयांचा सहभाग’ हा शब्दप्रयोग निष्पाप नाही. साहेबाने ज्यांना सहायक म्हणून नोंदले, त्यांनी स्वतःच्या दारात इतर कोणाला सहायक म्हणूनसुद्धा उभे केले नव्हते. दक्षिणेचा पैसा पुस्तकांकडे वळला ही सुधारणा खरीच, पण तो पैसा मुळात कोणाच्या शेतसाऱ्यातून आला होता?

हा प्रश्न महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे लेखी विचारला. सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, हा त्यांचा आरोप. नुसता आरोप करून ते थांबले नाहीत. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत. त्यांचा पगार किमान बारा रुपये असावा. मोडी, बाळबोध, हिशेब यांच्याबरोबर शेती आणि आरोग्य यांची मूलतत्त्वे शिकवावीत. आपल्याकडे हे निवेदन सामाजिक न्यायाचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते, ते योग्यच आहे. पण ते अभ्यासक्रमाचा आराखडाही आहे, आणि त्यात कोणते ज्ञान शिकण्याजोगे आहे याविषयी एक ठाम मत आहे.

त्या मताचा विस्तार पुढच्याच वर्षीच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सापडतो. डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती आणि कुजलेला पाला शेतात कसा मुरवावा, पावसाचे पाणी अडवण्यासाठी ताली-बंधारे कसे घालावेत आणि त्यासाठी सरकारने पलटणीतल्या व पोलिसांतल्या रिकाम्या हातांचा कसा उपयोग करावा, तलाव कुठे बांधावेत, जमिनीतल्या पाण्याचे झरे शोधून द्यावेत, अशा सूचना त्यात ओळीने येतात. माती आणि पाणी यांची सांगड घालणारे हे निरीक्षण आहे, आणि निरीक्षण करणारा सार्वजनिक बांधकामांची कंत्राटे घेतलेला, माळी कुळातला माणूस आहे. ‘असूड’ आपण वैचारिक वाङ्मयाच्या कपाटात ठेवला. मराठी विज्ञानलेखनाच्या इतिहासात ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ असतात, तिथे त्याच्यासाठी जागा केलेली मी पाहिलेली नाही. कोष्टके नाहीत म्हणून? की लिहिणाऱ्याने आकाशाऐवजी बांधाकडे पाहिले म्हणून?

छत्र्यांनी धरलेला रेवतीचा तारा आजही टिळक पंचांगात चालू आहे. त्यामुळे त्या पंचांगाची मकरसंक्रांत जानेवारीच्या दहा तारखेच्या आसपास येते, आणि एखाद्या वर्षी अधिकमास निराळा पडून सणसुद्धा महिन्याने सरकतात. हाती असलेला हा अंक ज्या दिवाळीला निघाला, ती कोणत्या महिन्यात धरावी यावर कोकणातल्या काही घरांत अजून दोन मते पडू शकतात.